आमचं घर गळत नाही

कोणत्याही घरात शिरली की ती आधी खोलीच्या मधोमध उभी राहायची. बोलायची नाही.

मग पालथा हात भिंतीच्या कडेकडेने फिरवायची. तळहात नाही. "तळहात काम करून निबर झालाय, त्याला काही कळत नाही. मागची बाजू अजून पोरीची आहे."

काचेवर नखाने टकटक करायची आणि कान द्यायची.

चहा अर्धा प्यायची. उरलेल्या कपावर बशी पालथी घालून कामाला लागायची. मग तो गार चहा एका घोटात.

घर थंड आहे असं ती कधी म्हणायची नाही. "फार दानशूर घर आहे तुमचं," म्हणायची. "जेवढं तापवाल तेवढं वाटून टाकतं."

वर्तमानपत्र विकत घ्यायची नाही. काचा ज्या रद्दीत गुंडाळून यायच्या ती वाचायची. त्यामुळे तिच्या बातम्या चार-सहा महिने शिळ्या असायच्या. "मंत्री पडला वाटतं गं," ती एकदा मला म्हणाली. तो पडून, उठून, पुन्हा मंत्री झाला होता.

आणि घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारायची. "थंडीत कोणती खुर्ची कुणीच घेत नाही?"

सगळी गल्ली तिला काचमावशी म्हणायची. खिडक्यांना काचा बसवणं हा तिचा धंदा. दुकान नवऱ्याचं. तो गेला तेव्हा त्याचे भाऊ दुकान विकायला निघाले. तिने गल्ल्यातली हिरकणी उचलली, काच कापायची ती, आणि सगळ्यांच्या देखत एक मोठी काच सरळ रेषेत कापून दाखवली. दुकान राहिलं. ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला ती गल्लीतल्या तीन जणांनी सांगितली, तिने नाही.

आमची ओळख जेमतेम चार महिन्यांची. ती वाईट तऱ्हेने सुरू झाली. चूक माझी होती.

मी ऊर्जा बचत अनुदान केंद्रात कंत्राटी कामाला होते. अजून आहे. खिडकी क्रमांक तीन. सरकारची योजना अशी, की खिडकीला आतून दुसरी काच लावा, माळ्यावर लोकरीसारखे जाड थर पसरा, दारांना रबरी पट्ट्या लावा, म्हणजे घर तापवायला वीज कमी लागेल. खर्चाचे दोन भाग सरकार देणार, एक तुम्ही. लोकांनी फॉर्म भरायचे, मी रकाने तपासायचे. सातव्या रकान्यात प्रश्न होता, 'घरात गळती आहे का?' उत्तर 'हो' असेल तर फॉर्म पुढे. 'नाही' असेल तर अपात्र. गळतीच नाही तर सरकार बुजवणार काय?

एका आठवड्यात एकेचाळीस फॉर्म एकाच गल्लीतून आले. सगळ्यांवर एकच अक्षर. वळणदार, मोत्यासारखं. रकाना सात: नाही. नाही. नाही. मी एकेचाळीस वेळा शिक्का मारला. अक्षर किती सुंदर आहे हेच पाहत होते.

नंतरच्या सोमवारी ती आली. तिने आधी माझ्या खिडकीची काच नखाने वाजवली. मला वाटलं, बोलावतेय.

"चार मिलिमीटर," ती म्हणाली. "आणि खालून बोटभर फट. दिवसभर गुडघे दुखत असतील तुझे."

दुखत होते.

मग तिने गठ्ठा आत सरकवला. "एकेचाळीस. सगळे नापास. वर्गातलं एकही पोर पास होत नाही तेव्हा पोरांना नाही विचारत, मास्तरला विचारतात. तू मास्तर का?"

"मी फक्त तपासते. सातवा रकाना बघा. तुमच्या कुणाच्याच घरात गळती नाही."

"नाहीच आहे!" ती तडकून म्हणाली. "आमच्या गल्लीत एकाचंही छप्पर गळत नाही. घर गळतं का असं विचारणं म्हणजे तुमची सून चोरी करते का असं विचारणं. कोण हो म्हणेल?"

"पाण्याची गळती नाही हो. उष्णतेची."

तिने रकाना पुन्हा वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द.

"मग उष्णता हा शब्द कुठे आहे यात?"

नव्हता. मी तो रकाना रोज शंभर वेळा वाचत होते.

"तुझं शिक्षण काय गं?"

"साहित्य. पदवी आहे."

"बरं झालं." तिने पायाशी ठेवलेली जड पिशवी उचलून खिडकीत आदळली. आत पुट्टीचा डबा, सुऱ्या, मोजपट्टी. "मग हे साहित्य उचल आणि चल माझ्याबरोबर."

भाषेची पदवी माझी. शब्द पकडला तिने.

आमचे साहेब नियमाचे पक्के होते, पण माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, योजना बंद व्हायला बारा दिवस आहेत. परवानाधारक कारागिराने प्रत्येक घर पाहावं, फटी मोजून लिहाव्यात, घरमालकाने दुरुस्त रकान्यावर सही करावी आणि केंद्राचं माणूस साक्षीला असावं. मग फॉर्म पुन्हा घेऊ. "बारा दिवसांत एकेचाळीस घरं? बाई, जमणार नाही."

"साहेब, योजना निघून पाच महिने झाले. मला कळलं गेल्या महिन्यात, आरशाभोवतीची रद्दी वाचताना. आता माझ्याकडे फुकट घालवायला वेळ नाही," ती म्हणाली. परवाना तिच्याकडे होता. साक्षीला साहेबांनी मला दिलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तुम्ही उगाच इतकं..."

"तू म्हण. तुम्ही म्हटलं की मी मागे वळून बघते, कोण मोठं माणूस आलंय."

तेव्हापासून तू.

ती गल्ली म्हणजे एका जुन्या काडेपेटीच्या कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली एकेचाळीस घरं. कारखाना केव्हाच बंद पडला. पाठीला पाठ लावून उभी, पातळ भिंतींची. "काड्या बनवणाऱ्यांची घरं, आणि ऊब काडीइतकी नाही," हा तिथला जुना विनोद. शेवटचं घर कोपऱ्याचं. त्याला तीन बाजूंनी वारा. त्यात मास्तर राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले व्याकरणाचे शिक्षक. एकटे. फॉर्मवरचं मोत्यासारखं अक्षर त्यांचं होतं.

चालता चालता मावशीने मला सगळं सांगितलं. मास्तरांची छाती अधू. गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखाना. डॉक्टरांनी बजावलं, या खोलीत आणखी एक थंडी नको. मुलीने दुसऱ्या गावात वृद्धनिवासात खोली ठरवली होती. कडाक्याची थंडी पडताच, तीन महिन्यांनी एक तारखेला ती न्यायला येणार होती. मास्तर पन्नास वर्षं त्या गल्लीत होते. अर्ध्या गल्लीला त्यांनी लिहायला शिकवलं होतं.

"खोली उबदार झाली तर राहतील. नाही झाली तर जातील," ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेव. त्या रकान्यात 'नाही' त्यांनी लिहिलंय. लोक म्हणाले आमचं घर गळत नाही, आणि हे म्हणाले, बरोबर आहे, नाहीच. एकेचाळीस फॉर्म आपल्या हाताने बुडाले हे त्यांना कळलं, तर मुलीची वाट न बघता लाजेनं स्वतःच बॅग भरतील. तेव्हा तोंड सांभाळ."

"मग काय सांगायचं?"

"बघू. आधी चाळीस घरं."

ती चाळीस घरं मी जन्मात विसरणार नाही. सकाळी केंद्र उघडायच्या आधी दोन, संध्याकाळी दोन. 'गळती' शब्द निघाला की दार अर्धं बंद व्हायचं. तिसऱ्या घरातल्या सासूबाई तर अंगावरच आल्या.

"पंधरा वर्षं झाली, एक थेंब नाही! कोण म्हणतं गळतं? शेजारचा म्हणाला का?"

"कुणी नाही म्हणालं," मावशी म्हणाली. "मला फक्त सांगा, थंडीत या खोलीतली कोणती खुर्ची कुणी घेत नाही?"

सासूबाई विचारात पडल्या. सून आतून म्हणाली, "ती, खिडकीजवळची. ती आपण जावयांना देतो ना, आई."

"तरीच!" मावशी म्हणाली. "तरीच तुमचा जावई चहा संपायच्या आत उठतो. आणि तुम्ही म्हणता त्याचा स्वभाव कोरडा."

सून पदरात तोंड लपवून हसली. सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, स्वतः जाऊन बसल्या. दोन मिनिटांत शाल ओढून घेतली. "अगं बाई. पायाला धरतंय."

मावशी खिडकीशी बसली. पेन्सिलीला बांधलेला दोरा चौकटीजवळ धरला. दोरा आत झुकला. "इथून वारा आत येतो, आणि तुम्ही तापवलेली हवा वरच्या फटीतून जाते. सरकार याला गळती म्हणतं. त्यांची भाषा आहे ती, आपण मनाला लावून घ्यायचं नाही." सासूबाईंनी सही केली.

प्रत्येक घरात हेच. एका घरात ती खुर्ची धाकट्या भावाची होती. एका घरात अभ्यास न करणाऱ्या पोरीला तिथे शिक्षा म्हणून बसवायचे. एका घरात खुर्चीच नव्हती, नुसती रिकामी जागा. "का रिकामी?" तर ठाऊक नाही, पहिल्यापासून रिकामीच. तिने तिथे पालथा हात धरला आणि मान डोलावली. ती एखाद्या घरात शिरली, की त्या घराला स्वतःबद्दल माहीत नसलेलं काहीतरी कळायचं. मी चार वर्षं लोक कसे बोलतात, काय लपवतात, हे पुस्तकांतून शिकले होते. तिने ते एका खुर्चीवरून काढलं.

तिची नोंद मात्र साहेबांना झेपेना. ती लिहायची, 'पूर्वेची खिडकी. फट तीन मिलिमीटर. जावई टिकत नाही.'

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. "सरकारी कागद आहे की कादंबरी?"

"मोजमाप आहे ना साहेब त्यात? बाकीचं तुमच्या करमणुकीला."

साहेबांनी शेवटचं वाक्य खोडलं. पण घरोघरचं वाचून, हसून खोडायचे, हे मी पाहिलंय.

अकराव्या दिवशी आम्ही मास्तरांकडे गेलो. खोलीत पुस्तकं, एक पलंग, चार खिडक्या. मास्तर स्वेटरवर स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसले होते. उत्तरेच्या खिडकीपाशी एक छान वेताची खुर्ची होती. तिच्यावर फक्त पुस्तकं.

"या बाई," मास्तर म्हणाले. "आमच्या फॉर्मांचं घोडं कुठे अडलं?"

मी जमिनीकडे पाहिलं.

"ऑफिसने फॉर्म बदललाय," मावशी म्हणाली. "सगळ्यांचेच परत आले. ही त्याच ऑफिसातली. विचारा हिला."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून, शिक्षक बघतात तसं.

"हो," मी म्हणाले. "बदललाय."

"बरंच झालं. तो सातवा रकाना मला तेव्हाच खटकला होता. गळणं म्हणजे वरचं खाली पडणं. पाणी गळतं, पान गळतं, अवसान गळतं. हवा कशी गळेल? हवा येते, जाते, सुटते. म्हणून मी सरळ 'नाही' लिहिलं. अशुद्ध प्रश्नाला शुद्ध उत्तर."

"अगदी बरोबर," मावशी म्हणाली.

"मग आता काय विचारलंय?"

नवा फॉर्म नव्हताच. पिशवीत होता तो जुनाच, सातव्या रकान्यावर दुरुस्तीची कोरी पट्टी चिकटवलेला. मी मावशीकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी होती, पालथा हात चौकटीवर.

"ऊब कुठून जाते," ती न वळता म्हणाली. "असं विचारलंय."

मास्तरांनी स्वतःशीच म्हणून पाहिलं, "ऊब कुठून जाते." मान हलवली. "हं. ही भाषा झाली. कुणीतरी शिकलेलं माणूस बसलेलं दिसतंय ऑफिसात."

त्यांनी पेन मागितलं. अक्षर तेच, मोत्यासारखं. पट्टीवर लिहिलं: 'गळती आहे का' च्या जागी 'ऊब कुठून जाते?' आणि खाली उत्तर: 'उत्तरेच्या खिडकीवाटे, आणि काही अंशी माझ्या हट्टामुळे.' सही.

रस्त्यावर आल्यावर मावशी मला म्हणाली, "खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. सांभाळ."

एकेचाळीसपैकी एकोणचाळीस मंजूर झाले. दोन घरांचे मालक परगावी होते, सही मिळाली नाही. त्या दोन घरांचं तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. माझा मात्र जीव भांड्यात पडला. मंजुरीचा शिक्काही मीच मारला, आणि मास्तरांच्या फॉर्मवर जरा जोरात.

काम मास्तरांच्या घरापासून सुरू झालं. गल्लीतल्या एकाने टोमणा मारला, "मावशी, आमचा नंबर कधी? की आम्ही पण व्याकरण शिकायचं आधी?"

"तुला शिकवून थकले म्हणूनच त्यांची छाती गेली," ती म्हणाली.

जुन्या लाकडी चौकटीत ती आतून दुसरी काच बसवायची. काचेच्या कडेने पुट्टी, जवसाच्या तेलात मळलेली. सुरीने एका ओढीत तिरकी कड. मग तीन आठवडे थांबायचं. पुट्टी सुकली की तिच्यावर रंग. आधी दिला तर सुरकुतते, दिलाच नाही तर वर्षभरात तडकते आणि पुन्हा फट. "पुट्टी लावणारे पुष्कळ," ती म्हणायची. "रंग द्यायला परत येणारा एखादाच. खिडकी त्या दुसऱ्या फेरीनं टिकते." ती परत यायची. पहिल्या तीन खिडक्यांची पुट्टी सुकली आणि रंगही देऊन झाला. माळ्यावर थर पसरले, दाराला पट्टी लागली. उत्तरेची चौथी खिडकी उरली. तिची चौकट किडलेली निघाली, ती सुताराकडून नवी करून यायला उशीर झाला.

एक तारखेला सकाळी मावशी स्टुलावर उभी राहून त्या चौथ्या खिडकीला पुट्टी दाबत होती. सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. मुलगी आली, हातात रिकामी बॅग. बाहेर कडाक्याची थंडी. ती बोलत होती, थांबत नव्हती. खोलीचे फोटो दाखवत होती. तिथे डॉक्टर आहेत, तिथे सोबत आहे, बाबा, मला झोप लागत नाही हो तुमच्या काळजीने. मास्तर ऐकत होते. बोलता बोलता तिने कोट काढला. वेताच्या खुर्चीवरची पुस्तकं सहज खाली ठेवली आणि बसली.

मावशीचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली नाही. पण तिची पाठ ताठ झाली ते मला दिसलं.

मुलगी त्या खुर्चीवर तासभर बसली. शाल मागितली नाही. बोलायचं संपलं तेव्हा मास्तर इतकंच म्हणाले, "तू कुठे बसली आहेस, पाहिलंस का?"

तिने इकडे तिकडे पाहिलं. खुर्चीचा हात चाचपला. मग मागे वळून काचेवर तळवा टेकवला. कितीतरी वेळ काढला नाही. लहानपणी ती त्या खुर्चीला 'बर्फाची खुर्ची' म्हणायची, हे मास्तरांनी नंतर सांगितलं.

"मावशी, उतरा हो," मुलगी म्हणाली. "मी चहा टाकते. आधी चहा घ्या."

एरवी ती कोपरा साफ केल्याशिवाय स्टुलावरून उतरायची नाही. त्या दिवशी कोपरा तसाच ठेवून उतरली. बॅग रिकामीच परत गेली. जाताना मुलीने मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मावशीचे दोन्ही हात पुट्टीने भरलेले, ते तिने लांब धरले होते, कोटाला लागू नयेत म्हणून.

त्यानंतर नवव्या दिवशी काचमावशी गेली. दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या, दुपारी. आजारी नव्हती. समोर रद्दीचा कागद उघडा होता. कपावर बशी पालथी घातलेली होती. मी ती उचलली. चहा अर्धा होता.

मला अजून खरं वाटत नाही. चार महिने म्हणजे काय ओळख? तरी मी कुठेही शिरले की खोलीच्या मधोमध उभी राहते.

उरलेल्या घरांचं काम तिच्या ओळखीचा दुसरा कारागीर करतो आहे. बरा आहे. फॉर्म बदललेला नाही. साहेबांनी वर पत्र पाठवलंय, उत्तर नाही. सातवा रकाना आला की मी लोकांना तोंडी विचारते, थंडीत कोणती खुर्ची कुणी घेत नाही. रांग वाढते. मागचे कुरकुरतात.

मास्तर आता वेताच्या खुर्चीत बसून वाचतात. चौथी खिडकी त्यांच्या डोक्यामागे. खालच्या उजव्या कोपऱ्यात पुट्टीची कड तिरकी झालेली नाही. तिथे तिचा अंगठा दाबलेला आहे, रेघा स्पष्ट दिसतात.

तीन आठवडे होऊन गेले. पुट्टी कडक झाली आहे, नखाने वाजवलं की आवाज येतो. पांढऱ्या रंगाचा डबा तिने स्वतः खिडकीत आणून ठेवलेला. त्यावर ब्रश, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कारागीर दोनदा येऊन गेला. मास्तर म्हणाले, राहू द्या. मी म्हणाले, रंग दिला नाही तर तडकेल, तीच म्हणायची. मास्तर म्हणाले, ठाऊक आहे.

काल मी डब्याचं झाकण उघडलं. वर साय धरली होती. काडीने ढवळला आणि तीन बाजूंना रंग दिला. चौथी बाजू कोपऱ्यापर्यंत आली, आणि तो कोपरा राहिला आहे.